नुसती मान हलवू नका

बाई आमच्या तंत्रशिक्षण संस्थेत रुजू झाल्या त्या दिवशी मला वाटलं, फारच शिष्ट दिसतात. शिक्षकखोलीत मी "या, बसा" म्हणून शेजारची खुर्ची पुढे केली, तर त्या मला वळसा घालून पलीकडे गेल्या, तिथलं स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "हं, आता बोला. माझा डावा कान कामातून गेलाय. या बाजूनं बोललात तर एक अक्षर सुटायचं नाही."

मी तिथे यंत्रांची रेखाटनं शिकवतो. माझ्या आणि बाईंच्या वर्गात भिंत म्हणून जी काही आहे ती प्लायवूडची आहे. पलीकडे कुणी शिंकलं तरी इकडे कळतं. त्यामुळे बाईंचे बरेचसे तास मी आयते ऐकले, आणि उरलेलं चहाच्या वेळी विचारून घेतलं.

बाई मूळच्या कारखान्यातल्या. पत्रा ठोकून बिजागऱ्या, कड्या, कोयंडे करणाऱ्या प्रेसशॉपमध्ये त्या तपासनीस होत्या. तिथे दिवसभर एवढा दणदणाट चालायचा की शेजारच्याला बोलवायचं तर खांद्यावर थाप मारावी लागायची. कानात बोळे घालणाऱ्याला लोक नाजूक म्हणून चिडवायचे, म्हणून कुणी घालत नसे. बाईंचा कान एका दिवसात गेला नाही. आधी घरातली कुकरची शिट्टी ऐकू येईना, मग फोनची घंटा. नवरा म्हणायचा, "अगं, टीव्ही काय गल्लीला ऐकवतेस का?" बाईंनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. कामावरून घरी बसवतील ही धास्ती. समोरच्याचं ऐकू आलं नाही की त्या हसायच्या आणि मान हलवायच्या. मान हलवली की समोरचा खूश होऊन निघून जातो, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं.

एके सकाळी सुपरवायझर जाता जाता त्यांच्या डाव्या अंगाला थांबला आणि काहीतरी सांगून गेला. बाईंनी मान हलवली. थोड्या वेळानं प्रेसवरच्या कामगारानं लांबून खूण करून विचारलं, "नेहमीचंच ना?" बाईंनी पुन्हा मान हलवली. सुपरवायझर सांगून गेला होता ते असं, की आजचा माल डावीकडे उघडणाऱ्या कपाटांचा आहे, भोकं दुसऱ्या बाजूला पाडायची. संध्याकाळी दाराशी बिजागऱ्यांचा ढीग लागला होता आणि त्यातली एकही उपयोगाची नव्हती.

"तुला सांगितलं होतं मी! तू हो म्हणालीस!" सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला.

बाईंना रडू फुटलं. घरी गेल्यावर भाजी चिरता चिरता त्या एकदम थांबल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मी हो म्हणालेच नव्हते. मी फक्त मान हलवली होती."

नवरा बस आगारात मेकॅनिक. गरीब स्वभावाचा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग उद्या तोंडानं बोल."

दुसऱ्या दिवशी त्या कामाला लागायच्या आधी सुपरवायझरच्या टेबलापाशी गेल्या. "साहेब, कालची चूक माझी. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि हे मी लपवलं होतं. आजपासून तुम्ही जे सांगाल ते मी तुम्हाला परत म्हणून दाखवीन. तुम्ही बरोबर म्हणालात की मगच काम सुरू होईल." सुपरवायझरनं डोकं खाजवलं. त्याला एवढं सरळ बोलणं ऐकायची सवय नव्हती. "बघू चार दिवस," तो म्हणाला.

कामगार त्यांना 'पोपट' म्हणायला लागले. पण बाई सांगितलेलं परत म्हणायला लागल्या तसं एक वेगळंच प्रकरण बाहेर आलं. कितीतरी वेळा सुपरवायझर स्वतःच मधे म्हणायचा, "थांब थांब, असं नाही. मला दुसरंच म्हणायचं होतं." म्हणजे घोटाळा प्रत्येक वेळी ऐकण्यातच होता असं नाही, सांगण्यातही होता. हळूहळू बाकीचेही परत म्हणून दाखवायला लागले. मग चिडवायला कुणी उरलंच नाही. नवीन शिकाऊ उमेदवार आले की सुपरवायझर त्यांना आधी बाईंच्या हवाली करायचा.

आमचे प्राचार्य कारखान्यात संस्थेतून गेलेल्या शिकाऊ उमेदवारांची चौकशी करायला जात, तेव्हा त्यांनी बाईंना पाहिलं होतं. पुढे कारखान्यानं प्रेसशॉप लांब हलवलं आणि बाईंनी घर सोडून जायला नकार दिला. प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि 'संवादकौशल्य' नावाचा विषय त्यांच्या गळ्यात घातला. हा विषय आमच्यात कुणालाच नको होता. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास, मुलांच्या पापण्या मिटत आलेल्या. सोबत एक पुस्तक. पुस्तकाच्या पहिल्या पानावर टाय लावलेला एक माणूस दोन्ही हात पसरून हसत होता. तो का हसतोय हे पुस्तकात शेवटपर्यंत कुठे दिलेलं नव्हतं.

पहिल्या तासाला बाईंनी विचारलं, "मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' म्हणाले तर काय सांगाल?"

एक मुलगा ताडकन उठला. संस्थेतल्या प्रत्येक समारंभात माईक याच्या हातात, म्हणून त्याला सगळे 'निवेदक' म्हणत. आवाज असा खणखणीत की प्लायवूड थरथरायचं. "मी एक कष्टाळू, जिद्दी, वक्तशीर आणि सर्वांना बरोबर घेऊन चालणारा तरुण असून..."

"थांब," बाई म्हणाल्या. "अलीकडे काय कष्ट केलेस?"

"अं?"

"कष्टाळू म्हणालास ना. मग कशाचे कष्ट केलेस ते सांग."

निवेदकाची गाडी रुळावरून घसरली. वर्गात खसखस पिकली. शेवटी तो म्हणाला, "घरचा पंखा दुरुस्त केला."

"कसा?"

मग तो सांगायला लागला. पंखा हातानं ढकलल्याशिवाय फिरत नव्हता. त्याला आधी वाटलं, वाइंडिंग जळलं. सगळा पंखा खोलून बसला. मग कळलं, कपॅसिटर गेलाय. दुकानातून आणला तोही चुकीचा. परत गेला, जुना तुकडा दाखवून बरोबर आणला. पंखा फिरला तेव्हा आजी म्हणाली, आता खोलून ठेवलेले उरलेले स्क्रू कुठले ते सांग. वर्ग खो खो हसला.

"हेच सांग मुलाखतीत," बाई म्हणाल्या. "चुकलास तेही सांग. पंख्यावरून तू मला कळलास. मघाच्या विशेषणांवरून तुझ्या शेजारचाही कळला असता आणि त्याच्या शेजारचाही."

पुढच्या तासाला त्या माझ्याकडे ड्रॉइंग बोर्ड मागायला आल्या. मुलांना त्यांनी पाठीला पाठ लावून बसवलं. एकाच्या हातात पत्र्याची वाकवलेली पट्टी, दुसऱ्याच्या हातात कागद. पट्टीवाल्यानं वर्णन करायचं, दुसऱ्यानं काढायचं, विचारायचं काही नाही. मग काय, सगळीकडून "इकडे वाक आहे", "तिकडे भोक आहे", "हे असं आहे बघ" असा कल्लोळ सुरू झाला. पाठ फिरवलेला माणूस 'असं' कसं बघणार? कागद वर आले तेव्हा एकावर बदक होतं, एकावर कंगवा, आणि एकानं तर चक्क बूट काढला होता. दुसऱ्या वेळी बाईंनी ऐकणाऱ्याला प्रश्न विचारायची मुभा दिली. तिसऱ्या वेळी, ऐकणाऱ्यानं काय समजलं ते आधी बोलून दाखवायचं आणि मगच पेन्सिल टेकवायची, असा नियम केला. तिसऱ्या वेळचे कागद मी हातात घेऊन पाहिले. बुटाचा कुठे मागमूस नव्हता. माझ्या स्वतःच्या वर्गात एवढी स्वच्छ रेखाटनं मी क्वचित पाहिली होती, हे मी तेव्हा बाईंना बोललो नाही. शिक्षकालाही थोडा मान असतो.

या वर्गात इलेक्ट्रिशियनच्या तुकडीतली एक मुलगी शेवटच्या बाकावर बसायची. हात कामाला एकदम साफ, वायरिंग पाहत राहावं असं. पण तोंडात मूग. मुलांनी तिचं नाव 'म्यूट' ठेवलं होतं. घरी तिचे वडील प्लंबर, बोलायला लागले की श्वास घ्यायला विसरायचे. प्रवेशाच्या दिवशी प्राचार्यांनी तिला विचारलं, "कुठला ट्रेड हवा?" तर वडीलच म्हणाले, "इलेक्ट्रिशियन. तिला आवडतं." प्राचार्यांनी तिला नाव विचारलं, तेही वडिलांनीच सांगितलं.

एक दिवस बाई फोनवर तक्रार कशी घ्यायची ते सांगत होत्या. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, काय बिघडलंय, कधीपासून, आणि तिथे गेल्यावर कुणाला भेटायचं. "कळलं?" त्यांनी विचारलं. सगळ्या वर्गानं मान हलवली. बाई म्यूटकडे वळल्या, "काय कळलं?" ती उभी राहिली आणि फरशीकडे बघत राहिली. हसण्याची कुजबुज सुरू झाली तशी बाई म्हणाल्या, "बस. तास संपल्यावर भेट."

तास संपला. मी फळा पुसत होतो, तेवढ्यात पलीकडून बाईंचा आवाज आला.

"कशाची भीती वाटते? आणि जरा मोठ्यांदा सांग, मला ऐकू यायला हवं."

"चुकेल याची."

"बरं. मग तू उत्तर देऊच नकोस. उत्तर चुकतं. विचारण्यात चुकायला काही नसतं. एकच वाक्य पाठ कर. 'थांबा, मला हे परत एकदा सांगाल का?' रोज घराबाहेरच्या एका माणसाला हे म्हणायचं. औषधाच्या दुकानात म्हण, बसच्या खिडकीवर म्हण, कुठेही म्हण."

काही दिवसांनी बाईंनी तिला विचारलं, "किती जणांना म्हणालीस?"

"कुणालाच नाही."

"खरं बोललीस. चल, ही पहिली पायरी झाली."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी माझ्या वर्गात एका खाचेच्या आतला भाग कागदावर कसा दाखवायचा ते सांगत होतो. मागून बारीक आवाज आला, "सर, थांबा. मला हे परत एकदा सांगाल का?" सगळी डोकी एकदम मागे वळली. म्यूट उभी होती. चेहरा लालबुंद, हातानं बाकाची कड घट्ट धरलेली. मी परत सांगायला लागलो आणि मलाच जाणवलं, मधली एक पायरी मी गाळली होती. मी ती सांगितली. वर्गातल्या निम्म्या मुलांनी "अच्छा!" म्हटलं. ती खाली बसली. पलीकडे बाईंचा तास नव्हता, तरी मी मुद्दाम जाऊन त्यांना हे सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर एक जोरकस थाप मारली. प्रेसशॉपची सवय.

वर्षाच्या शेवटी एका लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीची माणसं मुलाखती घ्यायला येणार असं ठरलं. प्राचार्यांची धावपळ सुरू झाली. ते बाईंच्या वर्गात आले.

"बाई, आता हे खेळ पुरे. मुलांकडून चार छान वाक्यं घोटून घ्या. टाय कसा बांधतात ते दाखवा. पहिली छाप महत्त्वाची असते."

"शर्ट इस्त्रीचा हवाच," बाई म्हणाल्या. "नखं कापलेली हवीत, वेळेवर यायला हवं, समोर बघून नमस्कार करायला हवा. ते मी रोज बघते. पण सर, ही मुलं उद्या लिफ्टच्या टपावर उभी राहणार. तिथे टाय कुठे अडकला तर?"

प्राचार्यांनी नकळत स्वतःच्या टायला हात लावला. "बरं, टाय राहू द्या," ते म्हणाले. "पण माझी मुलं तिथे गप्प बसता कामा नयेत."

"नाही बसणार."

पुढच्या तासाला बाई नवऱ्यालाच घेऊन आल्या. त्याला खिडकीपाशी बसवलं आणि हातात फोन दिला. "हे आपले ग्राहक. यांची लिफ्ट बंद पडलीय, आई वरच्या मजल्यावर अडकलीय आणि आपला माणूस सकाळपासून आलेला नाही. अहो, रागवा आता."

गरीब माणूस आधी लाजला. "हॅलो, जरा बघता का..." असं काहीतरी पुटपुटला.

"अहो, असं नाही! आगारात तुमचा साहेब जसा बोलतो तसं बोला."

आणि मग जे काही सुरू झालं! आयुष्यभर ऐकून घेतलेलं सगळं त्या माणसानं त्या फोनमध्ये ओतलं. मी माझा वर्ग सोडून दारात येऊन उभा राहिलो. निवेदक पलीकडून फोनवर होता. त्यानं आपल्या खणखणीत आवाजात "सर, आपण शांत व्हा" असं म्हटलं, तसा ग्राहक आणखीनच भडकला. "शांत काय व्हा? शांत व्हा म्हणजे काय?" शेवटी निवेदक गप्प झाला आणि ऐकत राहिला. ग्राहकाचा दम संपल्यावर तो हळूच म्हणाला, "म्हणजे आई वर अडकल्यात आणि आमचा माणूस आलेलाच नाही. बरोबर?" ग्राहक एकदम निवळला. "हो ना. एवढंच सांगतोय मघापासून." बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "बघ, बोलणं थांबवलंस तेव्हा तुझं काम झालं." नवरा घाम पुसत म्हणाला, "पुन्हा कधी लागलं तर बोलवा." त्याला फारच मजा आली होती.

त्याच आठवड्यात बाईंनी आणखी एक गोष्ट करून घेतली, वाईट बातमी सांगण्याची. आपल्या हातून काम बिघडलं तर वरिष्ठाला कसं सांगायचं? मुलं सुरुवात करायची ती थेट आजारपणापासून, ट्रॅफिकपासून, दुसऱ्याच्या चुकीपासून. बाई मधेच तोडायच्या. "काय झालं ते आधी. आत्ता काय अवस्था आहे ते मग. तुला काय मदत हवी ते शेवटी. कारणं विचारली तर सांग." हे बोलताना भल्याभल्यांच्या कपाळाला घाम फुटायचा. म्यूटला मात्र हे जमलं. तिला मुळात लांबड लावायची सवयच नव्हती.

मुलाखतीच्या दिवशी कंपनीकडून एक व्यवस्थापक आला आणि एक इंजिनिअर बाई आल्या. व्यवस्थापक भराभर बोलायचा आणि बोलताना पेन टेबलावर आपटायचा. निवेदकानं पंख्याची गोष्ट सांगितली. व्यवस्थापक हसला, त्याची निवड तिथेच झाली. म्यूटची पाळी आली. व्यवस्थापकानं तिला एक बिघाड सांगितला आणि तू काय करशील म्हणून विचारलं. ती म्हणाली, "थांबा, मला हे परत एकदा सांगाल का?" त्यानं भुवया वर करून परत सांगितलं. तिनं ते आपल्या शब्दांत म्हणून दाखवलं आणि मग उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं. पण आवाज इतका बारीक की व्यवस्थापकाला दोनदा पुढे वाकावं लागलं.

संध्याकाळी निवडलेल्यांची नावं लागली. तिचं नाव नव्हतं.

बाईंना वाईट वाटलं असणार, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. म्यूट त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा मीही तिथेच होतो. मला वाटलं, आता डोळ्यांना ओढणी लागतेय. पण ती म्हणाली, "मॅडम, का नाही घेतलं ते विचारू का त्यांना?"

"मी फोन करू?" बाईंनी विचारलं.

"नको. मी करते."

तिनं आमच्यासमोरच इंजिनिअर बाईंना फोन लावला. एकेक शब्द सुटा होता. "नमस्कार. मी आज मुलाखतीला आले होते. माझी निवड झाली नाही. काय कमी पडलं ते कळलं तर मला सुधारता येईल, म्हणून फोन केला." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं, पण एवढ्या बारीक आवाजात साइटवर माझं बोलणं दुसऱ्याला ऐकू जाणार नाही, असं तुम्हाला वाटतं. बरोबर?" पुन्हा पलीकडून आवाज. "मॅडम, खोलीत मी हळू बोलते. कामावर कशी बोलते ते बघायचं असेल तर एक दिवस साइटवर बोलवा. नाही जमलं तर मी परत विचारणार नाही."

फोन ठेवून ती म्हणाली, "बोलावलंय." आणि मग तिला एकदम बसावंसं वाटलं. बाईंनी स्टूल पुढे सरकवलं.

साइटवर काय झालं ते दोघांनी नंतर येऊन सांगितलं. दोघांनी म्हणजे म्यूटनं आणि निवेदकानं, कारण त्या दिवशी तोही तिथेच होता.

एका जुन्या इमारतीची लिफ्ट. गच्चीवरच्या मशिनच्या खोलीत मेन स्विचपाशी म्यूट आणि तिच्याशेजारी इंजिनिअर बाई. खाली लिफ्टच्या टपावर निवेदक आणि एक जुना मेकॅनिक. बोलायला दोघांकडे फोन, पण लिफ्टच्या त्या धुराड्यासारख्या पोकळीत आवाज तुटक यायचा. नियम असा की आधी मेन बंद करायचं, मग स्विचच्या दांड्याला कुलूप लावायचं, म्हणजे कुणी चुकूनही चालू करणार नाही. मगच तारांना हात.

निवेदक खालून म्हणाला, "मेन बंद कर."

"मेन बंद करते," ती म्हणाली. "मेन बंद केलं."

थोडी खरखर झाली आणि मग निवेदकाचा आवाज आला, "हां, आता लाव."

तिचा एक हात दांड्यावर होता, दुसऱ्या हातात कुलूप. दिवा लाव म्हणतात, मेन लाव म्हणतात, कुलूपही लावच म्हणतात. ती जागच्या जागी थांबली. "काय लावू? कुलूप लावू की मेन लावू?"

"अगं लाव म्हणतोय ना!"

"पूर्ण सांग!" ती ओरडली. तिचा आवाज त्या पोकळीतून सरळ खाली गेला, फोनची गरजच उरली नाही. "पूर्ण सांगेपर्यंत मी कशालाही हात लावणार नाही!"

खालून निवेदक बोलला, पण नेहमीच्या आवाजात नाही. "कुलूप. दांड्याला कुलूप लाव. मेन बंदच राहू दे."

"मेन बंद आहे, बंदच ठेवते. दांड्याला कुलूप लावते. लावलं. किल्ली माझ्या खिशात आहे."

"ठीक आहे. आता मी तारांना हात घालतो."

तेव्हा म्यूटच्या लक्षात आलं की इंजिनिअर बाईंनी आपला तळहात केव्हाच दांड्याच्या आड धरून ठेवला होता. त्यांनी तो काढून घेतला. काम आटपल्यावर निवेदक वर आला आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, चूक माझी. मी अर्धंच बोललो. तारांवरचं झाकण मी आधीच काढून ठेवलं होतं. आता झाकण बसवलंय, काम झालंय. तुम्ही एकदा तपासून बघाल का?"

इंजिनिअर बाईंनी तपासलं, त्याला चांगलं खडसावलं, आणि मग म्यूटकडे वळून विचारलं, "सोमवारपासून येशील?"

"हो," ती म्हणाली, तोंडानं आणि मोठ्यांदा.

हे सगळं सांगताना निवेदक मधेमधे स्वतःलाच टपल्या मारत होता. बाईंनी त्याला बाकावर बसवलं. "घाबरलास?"

"हो मॅडम. मला वाटलं होतं, मला बोलता येतं."

"येतंच. उगीच काहीतरी म्हणू नकोस. आता नीट सांगायला शीक, बस्स." आणि त्याला चहा पाजला.

आज दोघं त्याच कंपनीत आहेत. निवेदक तक्रारींच्या फोनवर बसतो. संतापलेली माणसं त्याच्याशी बोलून शांत होतात अशी त्याची ख्याती आहे. म्यूटच्या हाताखाली आता नवीन मुलं आहेत. ती त्यांच्याकडून पूर्ण वाक्यं वदवून घेते म्हणून मुलं वैतागतात, आणि तरी तिच्याच गटात काम मागतात. तिला आता म्यूट म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही.

प्राचार्यांनी बाईंचा तास सकाळी आणला, तोही सगळ्या ट्रेडना. बाईंनी वर्ग अपुरा पडतो म्हणून मोठी खोली मागितली आणि मिळवलीही. आता त्या जिन्यापलीकडच्या हॉलमध्ये शिकवतात. माझ्या प्लायवूडपलीकडे हल्ली वेल्डिंगचं सामान ठेवलंय, त्यामुळे मला बाईंचं काही ऐकायचं असलं तर उठून जावं लागतं. मी जातो.

परवा मी तिथेच बसलो होतो, तेव्हा त्या मुलीचे वडील आले होते. पाइपाचा पाना अजून हातातच होता. "मॅडम," ते म्हणाले, "काल कंपनीतून कुणीतरी घरी फोन केला. मी उचलला. ते म्हणाले, तुमच्या मुलीनं बढतीबद्दल काय ठरवलं? मी सांगायला लागलो आणि ही मला म्हणते, बाबा, थांबा, मी बोलते."

"मग थांबलात का?"

"थांबलो की. आयुष्यात पहिल्यांदा." ते मोठ्यानं हसले. "काय छान बोलते हो ती. मी शेजारी उभा राहून ऐकत होतो."